सहाव्या कोठडीचं दार

लोकांना तुरुंगात बोलवायचं, हे माझं काम. आमचा तुरुंग बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता तिथे कला आणि इतिहास केंद्र आहे आणि मी तिथली कार्यक्रम अधिकारी. जुन्या धोबीखान्यात मातीकामाचा वर्ग भरतो, भटारखान्यात लहान मुलं रंग सांडतात, जेलरच्या कचेरीत कॉफी मिळते, आणि ज्या कपात मिळते त्या कपावर गजांचं चित्र असतं. ते कप विकतही मिळतात आणि धडाधड खपतात. मला ते बघवत नाहीत, पण माझं मत कुणी विचारलेलं नाही.

आमचा सगळ्यात चालणारा कार्यक्रम म्हणजे शनिवारची 'संध्याकाळची बंदी'. कैद्यांना रात्रीपुरतं कोठड्यांत घालायचं, त्याला इथे बंदी म्हणत. ती करून दाखवतात माझे सासरे. तुरुंग बंद होईपर्यंत ते इथे शिपाई होते. लोक हसत-खिदळत खालच्या रांगेतल्या कोठड्यांत शिरतात, सासरे दारं लावत येतात, लोखंडी अडसर सरकवतात, दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात आणि पुढच्या दाराकडे जातात. मग दिवे जातात. पहिल्यांदा हसू येतं, मग ते थांबतं. दारं उघडली की त्याच लोकांना सासऱ्यांबरोबर फोटो हवा असतो, आणि सासरेही असे ताठ उभे राहतात की जणू आजच बढती मिळाली.

ती टकटक ते घरीही करतात. रात्री दाराला कडी घातली की दोनदा टकटक. लग्नानंतर सुरुवातीला मी दचकून उठायची. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कडी बसली का बघतात. झोप." उघडं दार दिसलं की सासऱ्यांचा हात आपोआप जातो, कपाटाचं असो, फ्रीजचं असो, आत कुणी वाकून काही शोधत असलं तरी. "रांगेतलं एक दार उघडं टाकून पुढे जायचं नाही," असं ते म्हणतात. आमच्या घरात रांग नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

वरच्या रांगेवर मात्र त्यांचा राग आहे. तिथल्या कोठड्यांत एका शिल्पकाराने प्लॅस्टरचे पुतळे उभे केलेत. शिपाई दाराशी आला की कैद्याने मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, 'फिर' म्हटल्याशिवाय फिरायचं नाही, असा नियम होता. पुतळे तसेच पाठमोरे उभे आहेत. "पण हात बघ," सासरे दर वेळी चिडतात, "खाली सोडलेत. हात मागे पाहिजेत, एकावर एक, तळवे बाहेर. रिकामे दिसायला हवेत. ह्याला काय माहीत." शिल्पकाराला कळवते असं मी दर वेळी म्हणते आणि दर वेळी कळवत नाही.

त्या शनिवारी मी बंदीच्या जोडीला आणखी एक कार्यक्रम ठेवला होता. इथे आत असताना जे हुन्नर शिकले, अशांपैकी कुणी येऊन आपलं काम लोकांसमोर करून दाखवायचं. अशी माणसं सापडणं कठीण, आणि सापडली तरी येणं त्याहून कठीण. मला एक सापडले. खुर्च्यांना वेत विणणारे. त्यांच्या दुकानात मी तीनचार वेळा जाऊन बसले तेव्हा कुठे ते बोलायला लागले. त्यांना मी काका म्हणायची. दुकानाचं दार भर थंडीतही उघडं. घरी झोपायच्या खोलीचंही उघडंच असतं, असं काकूंनी आतून सांगितलं.

काका म्हणाले, "सहाव्या कोठडीत होतो. वरच्या रांगेत. येतो मी. बसून विणायचं एवढंच ना. पण आधी थोडा वेळ त्या कोठडीत एकटा बसेन. दार लागता कामा नये."

"लागणार नाही."

"कुणी गंमत म्हणूनसुद्धा."

"माझा शब्द आहे, काका."

तेवढ्यावर मी उठायला हवं होतं. पण चहा आला होता, आणि काका हातातली वेताची पट्टी पाण्यात बुडवत म्हणाले, "चेहरे नाही आठवत आता कुणाचे. आवाज आठवतात. प्रत्येक शिपायाचा हात वेगळा हो, ताई. एक होता, तो अडसर घातला की दोनदा टकटक करायचा. मारहाण नाही, शिवी नाही. पण ती टकटक झाली की कळायचं, आता मेलं तरी सकाळपर्यंत कुणी येणार नाही."

माझा चहा तसाच राहिला. तो शिपाई म्हणजे माझे सासरे, हे मी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत घरी आले. सासऱ्यांनाही इतकंच सांगितलं की एक कारागीर येणार आहेत. ते खाली बंदी करतील, काका वर बसतील, मग काका अंगणात येतील तोवर सासऱ्यांना मी कॉफी प्यायला पाठवीन. दोन माणसं, दोन मजले. जमेल. असं म्हणत मी आठवडाभर नीट झोपले नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तर वैऱ्याला काही काम उरू नये इतकं मी चिंतून ठेवलं होतं. काका आलेच नाहीत तर. आले आणि फाटकातून परत फिरले तर. कुणी ओळखून काही बोललं तर. एवढं सगळं सुचलं, आणि जे व्हायचं होतं तेवढं सुचलं नाही.

शनिवारी सकाळी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आज वरच्या रांगेत जायचं नाही. तिथे काम आहे."

"हो," ते म्हणाले. त्यांच्या 'हो'चा अर्थ ऐकू आलं इतकाच असतो.

काका वेळेआधी आले. एका हातात वेताचं भेंडोळं, दुसऱ्या हातात अर्धी विणलेली बैठक असलेलं स्टूल, आणि खांद्यावर एक खुर्ची, त्यांनीच विणलेली, नमुना म्हणून दाखवायला. स्टूल आणि वेत मी अंगणात पाण्याच्या बादलीशेजारी ठेवलं. खुर्ची त्यांनी सोडली नाही. आम्ही वर गेलो. सहावी कोठडी मी रिकामी ठेवून घेतली होती. पुतळा नाही, पाटी नाही. काका उंबऱ्यात थांबले. हाताने दाराची चौकट चाचपली. मग खुर्ची उंबऱ्यात अशी ठेवली, अर्धी आत अर्धी बाहेर, की दार ओढलं तरी तिच्यावर अडावं. स्वतःच दोनदा ओढून पाहिलं.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "मी येतो मग खाली."

"मी इथे बाहेर थांबते ना."

"नको. कुणी बाहेर थांबलेलं नको."

ते बरोबर होतं, आणि मला कळलंही. मी जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधली, 'आज बंद'ची पाटी अडकवली आणि खाली आले. तरी मी तिथेच जिन्याशी घुटमळणार होते. पण प्रमुख पाहुणे लवकर पोचले. असे पाहुणे उशिरा येतात हा नियम आहे. ह्यांनी नेमका आजच मोडला. संचालिका मॅडमनी मला फाटकाशी बोलावून घेतलं आणि पाहुण्यांना केंद्र दाखवायला लावलं. मी धोबीखाना दाखवला, भटारखाना दाखवला. पाहुण्यांनी कप विकत घेतला. खालच्या रांगेत बंदी सुरू झाल्याचा आवाज मी लांबून ऐकला: अडसर, टकटक, अडसर, टकटक. दिवे गेले. पाहुणे म्हणाले, वा. वरती काकांना हे ऐकू जात असेल हे मला तेव्हा सुचलं, तिथे उभ्या उभ्या. इतके दिवस दोन मजले, दोन मजले करत होते. आवाजाला मजले असतात का?

दिवे आले, खालची दारं उघडल्याचा खडखडाट झाला, माणसं बाहेर पडून फोटो काढू लागली. तरी मॅडम मला सोडेनात. ध्वनिक्षेपक नीट चालत नव्हता, पाहुण्यांच्या नावापुढे काय लावायचं ते ठरत नव्हतं. मी दोनदा "वर जाऊन येते" म्हटलं आणि दोन्ही वेळा मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट गं." अंगणातल्या घड्याळाकडे बघायचं मी बंद केलं. काकांना वर बसू दे, हवं तेवढं बसू दे, दार उघडं आहे, असं मनात घोकत होते.

लोक बसले. आम्ही पाहुण्यांना घेऊन अंगणात आलो. पाहुणे पहिल्या ओळीत बसले, ऐसपैस, मागे रेलून. त्यांच्या मागे माझे सासरे उभे, चेहऱ्यावर समाधान.

मॅडम सासऱ्यांना म्हणाल्या, "बरी सापडली हो ही खुर्ची. आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवायची लाज वाटत होती."

मी खाली बघितलं. पाहुणे काकांच्या खुर्चीवर बसले होते.

जवळ जाऊन मी सासऱ्यांची बाही धरली. "बाबा, ही कुठून आणली?"

"वरून. रस्त्यात पडली होती, कोठडीच्या दारात. कुणाचा तरी पाय अडकला असता."

"वर दोरी होती, बाबा."

"दोरी बाहेरच्यांसाठी असते." मग त्यांना काहीतरी आठवून बरं वाटलं. "आणि बरं झालं हो, सूनबाई, त्या शिल्पकाराला कळवलंस ते. सहाव्यातला नवा पुतळा छान झालाय. म्हटलं, एकाचे तरी हात बरोबर ठेवलेत."

मी धावले. साडी नेसून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढता येतो हे मला त्या दिवशी कळलं. वरची रांग अंधारी होती. बंदीसाठी घालवलेले दिवे वर कुणी लावलेच नव्हते. सहाव्याचं दार लागलेलं होतं. अडसर पुरता सरकवलेला. आतून आवाज नव्हता; हाक नाही, दारावर थाप नाही, काही नाही. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. अडसर मला एका हाताने हलेना, दोन्ही हातांनी ओढला, बोट चेंगरलं, दार उघडलं.

काका मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. हात मागे, एकावर एक, तळवे बाहेर.

"काका," मी म्हटलं. "मी आहे. चूक झाली हो. चला."

ते फिरले नाहीत. खांदे तेवढे वरखाली होत होते. मी पुन्हा हाक मारली. जवळ जाऊन हात लावायचं धैर्य होईना. खाली ध्वनिक्षेपकातून माझं नाव पुकारलं जात होतं. मी इतकी घाबरले होते की मला रडूही येईना. दार लागणार नाही, माझा शब्द आहे, असं कुणी सांगितलं होतं ह्या माणसाला? मीच ना?

मागे धापा ऐकू आल्या. सासरे कठडा धरत धरत वर आले होते. गुडघ्यांमुळे हल्ली ते दिवसातून एकदाच जिना चढतात, आज दुसऱ्यांदा. दारात थांबून त्यांनी आत बघितलं आणि ह्या वेळी त्यांना पुतळा दिसला नाही. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी सासूबाई गेल्या त्या दिवशीच पाहिला होता. 'फिर' एवढा एक शब्द बोलले असते तर काका फिरले असते. तो शब्द त्यांच्या तोंडाशी आलाही, ओठ हलले. मला तर वाटलं, बोला आता, काय ते बोला आणि सोडवा. पण त्यांनी तोंड मिटलं.

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. सासूबाईंची नाही, मुलाची नाही, माझा तर प्रश्नच नाही. तोंडातून माफीचा शब्द येतच नाही त्यांच्या. ते आत गेले, काकांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात मागे नेले. एकावर एक. तळवे बाहेर.

"मला वाटलं पुतळा आहे," ते भिंतीला म्हणाले.

मग काकांनी मान थोडी वळवली. "टकटक तुम्हीच करायचात. तेव्हा."

"मीच."

"आजही ओळखली मी. पायांचा आवाज आला आणि उठून कधी उभा राहिलो, कळलंच नाही. तोंड उघडून सांगायचं ना, की अहो, माणूस आहे. नाही आलं सांगता."

"तू खाली जा," सासरे म्हणाले. मग थांबले. "तुम्ही खाली जा. लोक बसलेत. मी थांबतो इथे. अडसर घालून जा."

मी म्हटलं, "बाबा, काहीतरी काय. तुमचे गुडघे, तुमची गोळी राहिलीय, तुम्हाला सारखं उठावं लागतं—"

"सूनबाई, तू मध्ये पडू नकोस. आणि हे येईपर्यंत अडसराला हात लावायचा नाही. शब्द दे."

एक शब्द देऊन काय झालं ते समोर उभं होतं. तरी मी दिला.

काका हळूहळू बाहेर आले. दार ओढून घेतलं. अडसरावर हात ठेवून ते क्षणभर थांबले आणि मला म्हणाले, "इतकी वर्षं आत काढली, ताई, पण ह्याला कधी हात लावला नव्हता. बाहेरून असतो ना हा." मग सरकवला. नीट, शेवटपर्यंत.

"बसला का?" आतून आवाज आला. जित्याची खोड.

"बसला," काका म्हणाले. त्यांनी टकटक केली नाही.

खाली ठरलं होतं ते असं: काकांनी स्टुलावर दोनचार वेत विणून दाखवायचे, लोकांनी प्रश्न विचारायचे, मग आभार आणि चहा. काका बसले. बादलीतून पट्टी काढली, बोटांत धरून निथळवली आणि विणायला लागले. दोनचार वेत झाले. ते थांबले नाहीत. मॅडमनी हसत विचारलं, "आता थोडं आपल्याबद्दल सांगाल का?" काका म्हणाले, "बोलत बसलो तर वेत सुकतो." लोक हसले. पाहुण्यांनी विचारलं, आज इथे येऊन कसं वाटतंय. काका म्हणाले, "जरा उजेड ह्या बाजूला हवा." दिवा वळवला. ते विणतच राहिले.

मला कळलं. ते सगळं स्टूल विणणार होते.

मी कोपऱ्यात उभी राहून वरच्या रांगेच्या झरोक्याकडे बघत होते. त्यात अंधार होता. वर दिवा लावायचा मी विसरले होते. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी माझ्या पर्समध्ये होती. खाली बसले असतील तर एकट्याने उठता येणार नाही. उभे असतील तर पडतील. पडले असतील तर आवाज इथवर येणार नाही. नवऱ्याला काय सांगू, तुझ्या वडलांना कोठडीत घालून मी वेतकाम बघत होते? मॅडम कुजबुजल्या, "बाबा कुठेत? पाहुण्यांना त्यांच्याबरोबर फोटो हवाय." मी म्हटलं, वर आहेत. "मग बोलाव ना." मी म्हटलं, येतील. माझा आवाज असा काही आला की त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दोनदा मी जिन्यापर्यंत जाऊन परत आले. पट्टी खालून वर, वरून खाली, तिरकी, पुन्हा तिरकी. काकांचे हात थरथरत नव्हते. मघाशी भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस हाच का, असं वाटत होतं. आणि मला त्यांचा राग येत होता. हो, आला राग. ज्याची चूक त्याला नव्हे, ज्याला भोगावं लागलं त्यालाच मी मनातल्या मनात म्हणत होते, पुरे करा आता, म्हातारा आहे तो.

लोक चुळबुळले, काही उठून गेले. जे राहिले ते गप्प झाले. शेवटी काकांनी शेवटची पट्टी खाली ओवली, टोक कापलं आणि तळहाताने बैठक दाबून पाहिली. टाळ्या पडल्या. पाहुणे फुलं घेऊन उठले, पण काका स्टूल उचलून चालायला लागले होते. मी मागोमाग. मॅडमनी हाक मारली ती मी ऐकली नाही म्हणण्यापेक्षा ऐकून सोडली.

जिना ते सावकाश चढले. मी वरचा दिवा लावला. सहाव्या दाराच्या आत शांतता होती, तसलीच. काकांनी स्टूल खाली ठेवलं, अडसर सरकवला, दार उघडलं.

सासरे उभे होते. भिंतीकडे तोंड. दोन्ही गुडघे लटलट कापत होते, कपाळ भिंतीला टेकलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. पण हात जागच्या जागी होते, तळवे बाहेर. दार उघडल्याचं त्यांना कळलं. हात थोडे सरळ झाले. ते फिरले नाहीत. शब्दाची वाट बघत होते.

मीही बघत होते. काका दारात किती वेळ उभे होते मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग आहे की काय आहे तेही मला वाचता आलं नाही. मग त्यांनी स्टूल उचललं, आत गेले आणि सासऱ्यांच्या मागे नेऊन ठेवलं, त्यांच्या पोटऱ्यांना लागेल इतकं जवळ.

"बसा," ते म्हणाले. "वेत ओला आहे अजून. पण बसा."

आणि माझे सासरे मागे न बघता बसले.